मेंबरांची बाज

आमच्या मेंबरांइतका रस्त्यावर झोपलेला लोकप्रतिनिधी उभ्या महाराष्ट्रात दुसरा नसेल, आणि तोही पूर्ण शुद्धीत. हे मी कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. बाकीचे पुढारी निवडणुकीपुरते रस्त्यावर येतात, हात जोडतात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात आणि निवडून आले की त्याच रस्त्यावरून जीपच्या काचा वर करून धूळ उडवत जातात. आमचे मेंबर भूकंपाच्या पहाटे घराबाहेर आले आणि परत आत जायचं त्यांचं राहूनच गेलं. आमच्या लातुरात नगरसेवकाला नगरसेवक कुणी म्हणत नाही, मेंबर म्हणतात. आमच्या गल्लीत तर तेच त्यांचं नाव होऊन बसलं होतं. निवडणुकीच्या पत्रकावर आईबापांनी ठेवलेलं नाव छापून यायचं तेव्हा शेजारच्या बाया पत्रक घेऊन माझ्याकडे यायच्या आणि काळजीनं विचारायच्या, "वैनी, ह्यो कोन नवा हुभा राहिला? आपले मेंबर न्हाईत का यंदा?"

त्यांचा पिढीजात धंदा गाद्यांचा. आमच्या घराला लागून त्यांचं घर आणि घराच्या पुढच्या भागात दुकान. दुकानात कापसाचा ढीग, पिंजायची मशीन, आणि भुवयांत, दाढीत, कानांत कापूस अडकलेले मेंबर. भर उन्हाळ्यात त्यांच्याकडे बघून मला थंडी वाजायची. भूकंप झाला तेव्हा ते मेंबर झालेले नव्हते, नुसते गादीवाले होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलेलं आणि पहाटे जमीन हलली. खरा घात झाला तो किल्लारीकडच्या गावांचा. आमच्याकडे भिंतींना तडे गेले, पण माणसं अशी घाबरली की घरात पाऊल टाकायला कुणी तयार होईना. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचं मोकळं मैदान होतं. मैदान म्हणजे काय, बाभळी, दगड आणि गाढवं. अख्खी गल्ली तिथं मुक्कामाला गेली, आणि या माणसानं दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या आणून तिथं अंथरल्या. विक्रीच्या तर अंथरल्याच, लोकांनी पिंजायला टाकलेल्याही अंथरल्या. मुलीच्या रुखवतात द्यायची मखमली गादी न्यायला एक गृहस्थ भर दुपारी आले, तर तिच्यावर आजोबांपासून नातवापर्यंत एक कुटुंब घोरत पडलेलं. गृहस्थ तिथंच भडकले. मेंबर हळूच म्हणाले, "साहेब, जरा दमानं बोला. लई दिसांनी डोळा लागलाय त्यांचा." गृहस्थ पाय आपटत गेले आणि घटकाभरानं घरची दोन पांघरुणं आणून देऊन परत गेले. पुढं निवडणूक लागली तेव्हा मेंबरांना प्रचार असा करावाच लागला नाही. ज्याच्या गादीवर सगळी गल्ली झोपली होती त्याच्याविरुद्ध उभं राहायला माणूसच मिळेना.

थंडी पडली तशी माणसं घरात परतली. आधी म्हातारी खोकत खोकत आत गेली, मग लेकरं, आणि शेवटी पुरुष, आपण कधी घाबरलोच नव्हतो असा चेहरा करून. मेंबरांची बाज मात्र बाहेरच राहिली. बाभळीच्या लाकडाची, निळ्या-पांढऱ्या नवारीनं विणलेली, एक पाय आखूड असलेली ती बाज. त्या पायाखाली शहाबादी फरशीचा एक तुकडा असायचा आणि बाज जाईल तिथं तो तुकडाही जायचा. पावसाळ्यात बाजेवर बांबू बांधून ताडपत्री चढायची, पण मेंबर काही स्लॅबखाली जायचे नाहीत. जेवण उंबऱ्यावर, दाढी अंगणात, झोप बाजेवर. भाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पहिली काही वर्षं भांडून पाहिलं. मग नाद सोडला. माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "क्या बोलूं बाई, ये आदमी घर में कम और गटार में ज्यादा रैता."

यातला गटाराचा भाग अगदी खरा होता. मेंबर झाल्यावर लोक गाऱ्हाणी घेऊन येऊ लागले, आणि मेंबरांच्या लक्षात आलं की आपल्याला तसंही बाहेरच बसायचंय, तर जिथं गाऱ्हाणं तिथंच जाऊन बसावं. झालं. दिव्याचा खांब वाकला, बाज खांबाखाली. कचरा उचलला नाही, बाज उकिरड्याशेजारी. एकदा शाळेच्या वाटेवरच्या चेंबरचं झाकण कुणीतरी पळवलं. मेंबरांनी बाज आणून बरोबर त्या भोकावर मांडली आणि वर बसून राहिले. रिक्षा अडल्या, हातगाडे अडले, दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन गेला. शेवटी नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब स्कूटरवर आले आणि म्हणाले, "मेंबर, उद्या झाकण बसवून देतो, आता उठा."

"उद्याच बसवा की," मेंबर सरकून जागा करत म्हणाले. "तवर तुमी बी बसा. दोगं बसू. माझ्या एकट्याच्यानं खड्डा झाकून न्हाई राहिला."

साहेबांना बसावं लागलं. लोक जमले. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेऊन दिली, भाभींनी चहा आणला, साहेबांनी संकोचानं खाल्लं आणि ऊन कलायच्या आत झाकण आलं. तेव्हापासून हे साहेब आमच्या भागात शिरायच्या आधी नाक्यावरच्या पानवाल्याला विचारायचे, "बाज कुठं आहे?" आणि उत्तर ऐकून स्कूटर दुसऱ्या रस्त्यानं न्यायचे. आम्हालाही तीच सवय लागली. वर्तमानपत्र वाचायची गरज नव्हती. सकाळी गॅलरीतून बाज दिसली की आज वॉर्डाला काय दुखतंय ते कळायचं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे विचारपूस. जगातली माणसं एकमेकांना नमस्कार करतात, सलाम करतात, जेवलात का म्हणून विचारतात. आमचे मेंबर विचारायचे, "सगळे भायेर हायेत नं?" भूकंपाच्या दिवसांत जिभेला लागलेलं ते वाक्य पुढं सुटलंच नाही. दूधवाल्याला विचारणार, पोस्टमनला विचारणार, लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला विचारणार. नव्यानं बदलून आलेल्या मुख्याधिकाऱ्यांच्या घरी हार घेऊन गेले आणि दारातच म्हणाले, "सगळे भायेर हायेत नं?" मुख्याधिकारी पुण्याकडचे. ते म्हणाले, "नाही, सगळे आत आहेत, जेवताहेत." मेंबरांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली ती बघून त्या भल्या माणसानं ताटावरच्या बायकोला आणि आईला हाक मारून बाहेर आणलं. मेंबरांनी सगळ्यांना डोळे भरून पाहिलं, हार घातला आणि समाधानानं परत आले. आम्ही मात्र त्या प्रश्नाला सरावलो होतो. कुणी नीट उत्तर द्यायचंच नाही. फारतर हात हलवायचा आणि आपल्या कामाला लागायचं.

तिसरी खोड तेलाची. गाद्या शिवायच्या मशीनला घालायच्या तेलाची कुपी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची, त्यामुळे सगळ्या सदऱ्यांवर उजव्या बाजूला एकाच जागी काळा डाग. कुणाच्या घरी गेले की आधी दारापाशी थांबायचे, कडी वरखाली करून पाहायचे, कोयंड्यात दोन थेंब सोडायचे, दार उघडझाप करायचे आणि मग आत न येता ओट्यावर बसायचे. दार अडकलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. नगरपालिकेच्या सभागृहाचं दार पावसात फुगून घट्ट बसायचं. ऐन अंदाजपत्रकाच्या चर्चेत अध्यक्ष बोलायला उठले, आणि मेंबर रंधा घेऊन दार तासत होते. "मेंबर, जागेवर बसा," अध्यक्ष ओरडले. मेंबर म्हणाले, "बसतो नं साहेब. पन बसल्यावर उठून पळता बी याया पायजे."

आणि पेल्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय तर मला पुढं जाताच येणार नाही. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघर एक यंत्र आलं होतं. कोपऱ्यात तांब्या पालथा घालायचा, त्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर आणखी एक वाटी. जमीन हलली की उतरंड कोसळणार आणि माणूस जागा होणार. भीती गेली तरी उतरंडी राहिल्या, कारण त्या मोडायला कुणाचा हात होईना. दुसरीकडं नळाची तऱ्हा अशी, की आठवड्यातून एकदा कधीतरी पाणी यायचं, आणि ते कधी येणार हे वॉल्व्ह फिरवणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मेंबरांनी दोन्हींची सोयरीक जुळवली. घरोघरी फिरून त्यांनी शिकवलं की तोटी उघडी ठेवायची आणि उतरंड नळाखाली पत्र्याच्या टपावर मांडायची. पाण्याच्या आधी नळातून जी हवा जोरात येते तिनं वाट्या पडतील आणि पाणी आल्याची वर्दी मिळेल. कल्पना झकासच होती. पुढं एका दुपारी अर्धीअधिक गल्ली आडवी झालेली असताना पाणी आलं आणि घराघरांतली उतरंड एकाच क्षणाला पत्र्यावर कोसळली. मग काय विचारता. डोक्याला कळायच्या आत पाय पळाले होते. मी पोळपाटासकट मैदानात. आमचे यजमान एसटीत कंडक्टर, ते बनियनवर, पण तिकिटांची पेटी काखेत. समोरचे देशपांडे अर्धी दाढी झालेले, अर्ध्या गालावर फेस. म्हाताऱ्या, तान्ही लेकरं, दावणीच्या शेळ्या, सगळी गल्ली मैदानात श्वास रोखून उभी, आणि जमीन काही हलेना. तेवढ्यात रिकाम्या घरांतून पाणी वाहत असल्याचा आवाज यायला लागला. मेंबर या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत होते, "सगळे भायेर हायेत नं?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मेंबर, सगळे बाहेर आहेत आणि आठवड्याचं पाणी आत वाहून चाललंय." मग सगळी गल्ली उलटी धावली. संध्याकाळी मेंबर ओट्यावर येऊन बसले. तोंडावरचा आनंद लपत नव्हता. म्हणाले, "वैनी, पानी बी आलं, सराव बी झाला. आन् कोनाचंच दार अडकलं न्हाई."

याच सुमाराला लातूर बदलायला लागलं. बारावीचे निकाल गाजू लागले, आणि कुठून कुठून पोरं यायला लागली. अहमदपूरची, देगलूरची, पार नांदेडच्या पलीकडची. बापाच्या हातात पत्र्याची पेटी, आईच्या डोळ्यांत पाणी आणि पोराच्या डोळ्यांत डॉक्टरकी. आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घरावर मजला चढला, मजल्यावर खोल्या आल्या, खोल्यांत कॉटला कॉट लावून पोरं राहू लागली. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन क्लासला, दुपारी वरण-भात खाऊन क्लासला. मी खाणावळ काढली ती तेव्हाच, आणि पहिल्या महिन्यातच मोठी परात घ्यावी लागली. सगळ्या गावाला जणू पंख फुटले होते. मेंबरांची तर चंगळ, कारण येणाऱ्या प्रत्येक पोराला गादी लागते. पण गादी विकायचीही त्यांची रीत न्यारी. पोरगं दुकानात आलं की गादीची लांबी राहिली बाजूला, हे विचारणार, खोली कितव्या मजल्यावर, जिना किती रुंद, दार आत उघडतं का बाहेर. देगलूरची एक चुणचुणीत मुलगी त्यांना म्हणाली, "अंकल, मला गादी पाहिजे, दार घरमालकाचं आहे." मेंबर गादी डोक्यावर घेऊन स्वतः तिच्या होस्टेलवर गेले. मैदानासमोरच्या त्या होस्टेलचं सरकतं लोखंडी दार मालक दुपारी बाहेरून कुलूप लावून बंद करायचा.

"पोरींची जबाबदारी आहे माझ्यावर," मालक म्हणाला.

"जबाबदारी हाय म्हनूनच तर म्हनून राहिलो, कुलूप काढा," मेंबर म्हणाले.

मालकानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाज होस्टेलच्या दारात. मुली बाजेला वळसा घालून क्लासला जात, येताना मेंबरांना चहा आणून देत, आणि त्यांचे भेटायला आलेले आईबाप आधी बाजेवर बसून मेंबरांकडून सगळी हकीकत ऐकत. मालक त्यामुळेच वाकला. कुलूप गेलं, आतून कडी आली, आणि त्या कडीत तेल घालायचं काम मेंबरांनी स्वतःकडे घेतलं.

मग मैदानाचा विषय निघाला. एका मोठ्या क्लासवाल्याच्या तरण्याताठ्या मेव्हण्यानं नगरपालिकेत प्रस्ताव आणला की मैदानावर इमारत उठवायची. खाली गाळे, वर क्लास. गल्लीत दिवाळी आल्यासारखं झालं. ज्याला त्याला आपला गाळा दिसायला लागला. कुणी झेरॉक्सचा बेत केला, कुणी मोबाइलचा. आमच्या यजमानांनी तर खाणावळीची पाटी कुठल्या रंगात रंगवायची तेही ठरवून टाकलं. आणि ज्यांच्या दुकानाला या भरभराटीचा सगळ्यात जास्त फायदा, ते आमचे मेंबर सभागृहात उठून म्हणाले, मैदान द्यायचं नाही. प्रस्ताव लांबणीवर पडला, तसे लोक संतापले. मैदानातच सभा झाली. मेंबर बाजेवर बसलेले आणि भोवती आम्ही सगळे.

"मेंबर, भूकंप काय रोज येऊन राहिला का?" एकानं विचारलं.

"न्हाई," मेंबर म्हणाले. "पन येतो तवा विचारून बी येत न्हाई."

"मग आला तर बघू की."

"तवा बघाया जागा पायजे नं. आदी घरं होती एक मजली, मानसं मूठभर. आता चार मजले आन् खोलीखोलीत लेकरं. दुसऱ्याची लेकरं हायेत ती. त्येनी पळून जायाचं कुटं?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं की मेंबरांना अजून भूकंप चढलेला आहे, उतरलेला नाही. मेंबरही हसले, दाढीतला कापूस काढत बसले, आणि त्या दिवसापासून बाज मैदानाच्या मधोमध कायमची मांडली गेली.

त्या आठवड्यात भाभी माझ्याकडे भाजणीचं पीठ न्यायला आल्या. चुलीपाशी बसल्या आणि आपण होऊन सांगायला लागल्या. मेंबरांची धाकटी बहीण किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली होती. घर दगडी भिंतींचं, वर मातीचं जड माळवद. त्या सकाळी मेंबर मिळेल त्या जीपला लटकून तिथं पोचले. भिंत सरकून दार चौकटीत घट्ट बसलेलं होतं. आतली माणसं दारापर्यंत आलेली होती. मेंबर ढिगाऱ्याभोवती फिरत ओरडत राहिले, सगळे बाहेर आलेत ना, सगळे बाहेर आलेत ना. "किसी ने जवाब नै दिया बाई," भाभी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून पीठ घेऊन गेल्या. माझ्या तव्यावरची भाकरी करपली. इतकी वर्षं तो माणूस मला रोज सकाळी तेच विचारत होता आणि मी हात हलवून कामाला लागत होते. हे त्यांनी सभेत सांगितलं असतं तर सगळी गल्ली विरघळली असती. त्यांनी ते कधीच सांगितलं नाही.

निवडणूक आली. पक्षानं मेंबरांचं तिकीट कापून क्लासवाल्याच्या मेव्हण्याला दिलं. मेंबर अपक्ष उभे राहिले आणि खाट हे चिन्ह मागितलं. खाट आधीच दुसऱ्या कुणीतरी नेली होती. मेंबरांना मिळालं कुलूप-किल्ली. जन्मभर लोकांची कुलपं काढायला लावणारा हा माणूस गळ्यात पुठ्ठ्याचं भलंमोठं कुलूप अडकवून घरोघर फिरला, आणि दारात उभा राहून मत मागायच्या आधी कोयंड्यात तेल घालत राहिला. माझ्या खाणावळीतल्या पोरांनी प्रचाराचा धुरळा उडवला. पंक्ती सोडून उठायची, बाज खांद्यावर घेऊन घोषणा देत गल्लोगल्ली फिरायची. असा प्रचार लातुरानं पाहिला नसेल. अडचण एवढीच, की त्यातल्या एकाचंही मत लातुरात नव्हतं. मेंबर पडले, आणि साधे नाही, चांगले सपाटून पडले. पुठ्ठ्याचं कुलूप त्यांनी शेळीपुढे टाकलं, तिनं ते खाल्लं, आणि मेंबर पुन्हा मैदानात बाजेवर जाऊन बसले. आम्ही त्यांना मेंबरच म्हणत राहिलो. निवडून आलेल्या मेव्हण्याला नवा मेंबर म्हणायचो.

नव्या मेंबरनं कामाचा धडाका लावला. मैदानात मांडव पडला, खुर्च्या आल्या, सनईची कॅसेट लागली, भूमिपूजनाला मोठे पाहुणे बोलावले. मेंबरांना बाज हलवायला सांगितलं, तर त्यांनी ती मांडवाच्या कडेला घेतली, मैदानाबाहेर काही नेली नाही. दुपारची वेळ, पोरं क्लासात, बाया घरात. पुढच्या दोन रांगा भरल्या आणि बाकीच्या खुर्च्या ओस. नवा मेंबर सारखा रस्त्याकडे बघत होता. पाहुणे नारळ हातात घेऊन उभे राहिले आणि जमिनीखालून आवाज आला. आमच्या भागात असा आवाज मधूनमधून येतो, लोक त्याला गूढ आवाज म्हणतात. आम्ही जुनी माणसं हातातलं काम थांबवतो, वाट बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण हा आवाज मोठा होता. खिडक्या थरथरल्या, माझ्या मांडणीवरची ताटं खाली आली, आणि चौफेर पोरांचा एकच गलका उठला.

आम्ही पळालो ते सरावानं. पोरांना सराव कुठला? क्लासांच्या जिन्यांवरून लोंढेच्या लोंढे रस्त्यावर आले आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये भांबावून उभे राहिले. मेंबर गल्लीच्या तोंडाशी बाजेवर चढून उभे होते. खांद्यावरचा पंचा फिरवत ते ओरडत होते, "हिकडं. मैदानात या. रेटू नका, जागा लई हाय." समोरच्या होस्टेलचं लोखंडी दार एका झटक्यात सरकलं आणि मुली धावत बाहेर आल्या. बघता बघता मैदान भरलं. मांडव भरला, खुर्च्यांवर पोरं, खुर्च्यांखाली पोरं. पाहुण्यांना आवाजाचा पत्ताच नव्हता. सनईपुढं त्यांना तो ऐकूच आलेला नव्हता. त्यांनी माइक हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, "विकासाच्या कामाला तरुणांचा हा प्रतिसाद बघून मी भारावून गेलो आहे." मग कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं, आणि मोठ्या माणसाला इतक्या चपळाईनं व्यासपीठावरून उतरताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

माइक तसाच लोंबकळत राहिला. तो मेंबरांनी घेतला. पूजेच्या ताटातला नारळ भाभींनी दगडावर फोडला आणि रडणाऱ्या पोरींना खोबऱ्याचे तुकडे वाटायला लागल्या. मेंबर म्हणाले, "भिऊ नका लेकरांनो. खाली बसा. ज्यानं त्यानं आपल्या शेजारचा बघा. खोलीत कोनी राहिलंय का ते सांगा." मग त्यांनी एकेका इमारतीचं, एकेका होस्टेलचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. "सगळे भायेर आले का?" आणि त्या त्या कोपऱ्यातून उत्तर यायचं, "आलो." पुढचं नाव, पुढचं उत्तर. शेवटी त्यांनी आमच्या गल्लीकडे तोंड केलं. त्यांनी विचारायच्या आधीच मी जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हटलं, "आलो मेंबर. सगळे बाहेर आलो." माझ्यामागून सगळी गल्ली म्हणाली. मेंबर माइक धरून उभे राहिले. मला रडू आवरलं नाही.

त्यानंतर जमीन काही हलली नाही. उन्हं उतरल्यावर पोरं हळूहळू परतली, पण गल्लीतल्या बाया नव्या मेंबरभोवती जमल्या आणि म्हणाल्या, आधी आम्हाला पळायला दुसरी जागा दाखव, मग इथं कुदळ मार. नवा मेंबर हुशार होता. त्यानं मांडववाल्याला हिशोब करून टाकायला सांगितलं आणि इमारतीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले आणि सवयीनं मैदानाकडे पाहिलं. मैदानात बाज नव्हती. देशपांडे धावत आले, पानवाला आला, होस्टेलच्या मुली आल्या. गटारांपाशी पाहिलं, उकिरड्यापाशी पाहिलं, चेंबरपाशी पाहिलं, वॉर्डात कुठंच बाज नाही. इंजिनिअर साहेबसुद्धा स्कूटर थांबवून विचारायला लागले, "बाज कुठं आहे?" आणि या खेपेला त्यांच्या आवाजात सुटकेचा सूर नव्हता. शेवटी आम्ही सगळे मेंबरांच्या दाराशी गेलो. दार सताड उघडं होतं. आत स्लॅबखाली, भिंतीला लागून बाज मांडलेली, आणि तिच्यावर मेंबर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. दाढीत कापूस, खिशात तेलाची कुपी. आखूड पायामुळे बाज एका अंगाला कलली होती, पण त्यांना त्याचंही भान नव्हतं.

भाभींनी ओठांवर बोट ठेवलं. "सोने दो उनको," त्या म्हणाल्या. "कल सबने जवाब दिया."

आम्ही चपलांचा आवाज न करता परत फिरलो. वाटेत मैदान लागलं. कडेला, गल्लीच्या तोंडाशी, बाजेच्या तीन पायांचे खळगे होते आणि चौथ्याच्या जागी फरशीचा तो तुकडा तसाच पडलेला होता. देशपांड्यांनी तो उचलायला हात घातला, मग काय वाटलं कोण जाणे, तिथंच राहू दिला. तेवढ्यात नळाला पाणी आलं आणि सगळ्या बाया घराकडे गेल्या. मी आधी मेंबरांचा ड्रम भरला, मग आमचा.